इंजिन गार, काटा लाल

"हात लाव," आत्या म्हणाली.

मी बॉनेटवर हात ठेवला.

"तिथे नाही. पत्र्याला काय कळतंय? आत लाव. इंजिनाला."

तिने बॉनेट उघडून दांडी लावली. मी शर्टाची बाही वर करून इंजिनाला हात लावला. पौषातली सकाळ होती. फलटणला थंडी पडते हे पुण्यातले लोक मान्य करत नाहीत, पण त्या लोखंडाला ते मान्य होतं.

"कसं आहे?"

"गार आहे."

"मोठ्याने सांग."

"गार आहे, आत्या."

"परवापासून जागची हलली नाहीये. आता इकडे ये. बस आत."

मी तिच्या शेजारच्या सीटवर बसलो. आत्याने किल्ली एक घर फिरवली, नुसते दिवे लागण्यापुरती. इंजिन चालू केलं नाही. समोरच्या काचेआड तापमानाचा काटा निळ्या रेघेवरून उठला, सावकाश मधली पांढरी जागा ओलांडून गेला आणि तांबड्या रेघेला जाऊन टेकला. लग्नात एखादे काका कोणालाही न विचारता थेट पहिल्या पंगतीत जाऊन बसतात, तसा तो बसला.

"मी गाडी चालू केली?"

"नाही."

"मग ती तापली कधी?"

मी काट्याच्या काचेवर टिचकी मारून पाहिली. काटा हलला नाही.

"आता सांग," आत्या म्हणाली, "खोटं कोण बोलतंय? मी, इंजिन, का हा?"

तिच्या हातात जी किल्ली होती, ती काढून घेण्यासाठीच मला पुण्याहून पाठवलं होतं.

शरयूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. फलटणच्या एका हायस्कुलात सबंध आयुष्य विज्ञान शिकवलं आणि निवृत्तीच्या पैशांतून पहिली खरेदी केली ती ही पांढरी छोटी गाडी. त्या काळात गावात गाडी चालवणारी साठीपुढची बाई ती एकटीच. ती गाडी घेऊन भाजी आणायला जायची, गाडी घेऊन देवळात न जाता देवळावरून जायची, आणि आठवड्यातून एकदा जुन्या मैत्रिणींना भरून कालव्याच्या कडेला भजी खायला न्यायची. तिच्या मते गाडीचा मुख्य उपयोग हा होता, की कोणालाही 'मला सोडतोस का रे?' असं विचारावं लागत नाही.

त्या वर्षी मार्गशीर्षात तिने हीच गाडी साखर कारखान्याच्या फाट्यावर भर रस्त्यात थांबवली. घरून निघून पाचच मिनिटं झाली होती आणि काटा लाल झाला होता. मागे उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली. ट्रॅक्टरवाल्यांनी हॉर्न वाजवले. आत्या खाली उतरली, बॉनेट उघडून इंजिनापाशी हात नेला, आणि मागच्या ट्रॅक्टरवाल्याला म्हणाली, "अरे, हे तर नुसतं कोमट आहे. काटा खोटं बोलतोय."

ट्रॅक्टरवाल्याचा मेहुणा दादाच्या बँकेत शिपाई निघाला. महाराष्ट्रात बातमी पोचायला एवढं नातं पुरतं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, जनार्दन. वडील गेल्यावर त्याने घरातल्या सगळ्या माणसांची काळजी एकट्याने करायला घेतली. इतरांना करायला ती शिल्लक ठेवलीच नाही. त्याने आत्याला फोन केला. आत्याने खरं तेच सांगितलं. म्हणाली, "अरे जनू, गाडी चालू न करताच तापते. मी उठून किल्ली लावली की ही तापलेली."

दादाने फोन ठेवला आणि लगेच घरातल्या सगळ्यांना बोलावलं.

मग पुण्याला बैठक झाली. बैठकीला वहिनींचा मावसभाऊ होता, तो डॉक्टर. दातांचा डॉक्टर; पण घरात डॉक्टर म्हटलं की डॉक्टर. तो म्हणाला, निर्जीव वस्तू बोलतात असं वाटणं, त्या आपल्याशी खोटेपणा करतात असं वाटणं, हे चांगलं लक्षण नव्हे. वहिनींना आठवलं, दिवाळीत आत्याने दह्याची वाटी फ्रिजऐवजी कपड्यांच्या कपाटात ठेवली होती. दुसऱ्या दिवशी साडीला वास आला म्हणून सापडली. मला काहीच आठवलं नाही, म्हणून माझं मौन संमती धरण्यात आलं.

ठरलं ते असं. आत्याने आता पुण्याला यायचं. दादाच्या घरातली मागची खोली रंगवून झाली होती. गाडी विकायची. बारामतीचे कोणी झगडे म्हणून गिऱ्हाईक दादाने शोधलं होतं, ते दुपारी जेवण झाल्यावर येणार होते. आणि त्याआधी किल्ल्या ताब्यात घेऊन आत्याचं मन वळवायचं. या कामासाठी मी निवडला गेलो, कारण मी आत्याचा लाडका होतो. शिवाय मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होतो, म्हणजे सकाळी कामधंदा नसणाऱ्यांत माझी गणना होती.

"तू नुसती किल्ली घे," दादा म्हणाला होता. "बाकी मी बघतो. ती कुठे ट्रकखाली गेली, तर मी बाबांना वर जाऊन काय तोंड दाखवू?"

दादाला दोष द्यावा असं त्यात काही नव्हतं. तो माणूस काळजी करायचा तीही पूर्ण विधीनिशी. दरवर्षी दसऱ्याला तो पुण्याहून फलटणला जायचा, केवळ आत्याच्या गाडीची पूजा नीट व्हावी म्हणून. आत्या स्वतः झेंडूचा एक हार पुढे अडकवून मोकळी व्हायची. त्या वर्षी तर दादाने, पूजा यंत्राची करायची असते, पत्र्याची नव्हे, असं म्हणून बॉनेट उघडलं होतं, आणि बॅटरीपासून रेडिएटरपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू, अक्षता, नारळ असं यथासांग केलं होतं. "आत्या, आता वर्षभर चिंता नाही," असंही म्हणाला होता.

तर त्या सकाळी मी एस.टी.तून उतरून घरी पोचलो, तेव्हा आत्या फाटकाशीच उभी होती. मला पाहून तिचा चेहरा फुलला. म्हणाली, "आलास माधव?"

माधव माझ्या वडिलांचं नाव. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती.

पिशवी ठेवली, पाणी प्यायलो. बैठकीत मला वाटलं होतं, दादा उगाच घाबरतोय. आता तसं वाटेना. आणि मग आत्याने मला गाडीपाशी नेऊन इंजिनाला हात लावायला सांगितलं.

"दिगंबर येतोय," किल्ली उलटी फिरवत ती म्हणाली. काटा निमूट खाली आला. "त्याच्यासमोर हेच सांगायचं. गार होतं म्हणून."

दिगंबर गावडे बसस्टँडच्या मागे गॅरेज चालवायचा. पंचेचाळिशीचा, पोट सुटलेला, हाताखाली तीन माणसं असलेला इसम. पण आत्याने त्याला आठवीत विज्ञान शिकवलं होतं, आणि तेवढ्या एका कारणाने तो फाटकातून आत येताना अजूनही शर्टाची वरची गुंडी लावायचा.

"बाई, मी मागंच बोललो," त्याने आल्या आल्या सुरुवात केली. "पाणी बदललं, फरक नाही. थर्मोस्टॅट बदलला, फरक नाही. आता इंजिनाचं हेड उतरवायला लागणार, मोठं काम हाय. ग्यास्केट गेलंय. पाव्हणं, तुम्ही तरी सांगा बाईंना."

"पाहुणे काय सांगणार? पाहुण्यांनी हात लावलाय इंजिनाला. सांग रे."

"गार होतं," मी म्हणालो. मोठ्याने.

"आन् काटा?"

"लाल."

दिगंबरने मान हलवली. "आसं होतंय कधीकधी. आतनं तापतंय. बाहेर कळत नाही."

"परवापासून बंद गाडी आतनं तापते?" आत्याने चष्मा डोक्यावर चढवला. ही खूण दिगंबरला माहीत असावी, कारण तो नकळत ताठ उभा राहिला. "दिगंबर, बंद चुलीवर दूध उतू गेलेलं पाहिलंयस तू कधी?"

"नाही बाई."

"मग हेड कशाला उतरवायचं?"

"आवं, सगळे उतरवतेत."

"सगळे उतरवतात हे कारण झालं?"

दिगंबर माझ्याकडे पाहू लागला. मी झेंडूच्या सुकल्या हाराकडे पाहू लागलो. तो दसऱ्यापासून तसाच पुढे लटकत होता.

"काट्याला कोण सांगतं, गाडी तापली म्हणून?" आत्याने विचारलं.

"सेन्सर."

"तो कुठे आहे?"

दिगंबरने आत वाकून दाखवलं. इंजिनाच्या कडेला, पाण्याची नळी जिथे जोडली होती तिथे, अंगठ्याएवढं पितळी बोंड होतं. त्यावर वायरींचा प्लग बसवलेला.

"तो प्लग काढ. शिरीष, तू आत बस आणि किल्ली एक घर फिरव. चालू करू नकोस. काटा काय करतो ते सांग."

मी बसलो, किल्ली फिरवली. काटा उठला आणि तांबड्या रेघेला टेकला.

"लाल!"

"काढ रे आता प्लग."

दिगंबरने प्लग ओढला. काटा जागचा सुटला आणि मुकाट्याने खाली, थेट निळ्या रेघेच्याही खाली जाऊन पडला.

"पडला!" मी ओरडलो. का कोण जाणे, मला गावजत्रेत कुस्ती पाहिल्यासारखं वाटलं.

"लाव परत."

परत लाल. परत काढला, परत खाली. आत्याने हा प्रयोग पुन्हा पुन्हा करायला लावला. कुठलीही गोष्ट एकदा घडली तर ती घडली असं तिच्या वर्गात कधीच धरत नसत.

"म्हणजे काटा बरा आहे," ती म्हणाली. "वायरी बऱ्या आहेत. काट्याला जे कळवलं जातं तेच तो दाखवतोय बिचारा. मी उगाच त्याला खोटारडा म्हणत होते. कळवणारा बिघडलाय."

"नवा टाकू का?" दिगंबर म्हणाला. "दुकानात मिळंल."

"आधी हा बिघडलाय हे मला दाखव."

"आता दाखवलं की!"

"प्लगच्या जागी दोष असेल किंवा सेन्सरच्या आत असेल. कुठे आहे?"

दिगंबरने एक दीर्घ श्वास घेतला. आठवीतही त्याने तो असाच घेतला असणार.

इंजिन गार असल्यामुळे सेन्सर काढणं सोपं होतं. दिगंबरने पान्याने तो सैल केला, शेवटचे आटे हाताने फिरवले आणि बाहेर ओढल्याबरोबर भोकात लाकडाची खुंटी दाबली. तरी थोडं हिरवं पाणी बाहेर सांडलंच. त्याने सेन्सर पुसून आत्याच्या हातात दिला. ज्या टोकाला प्लग बसायचा तिथे हिरवट पावडर धरली होती, कळकलेल्या पितळी भांड्यावर धरते तशी.

मग आम्ही सगळे स्वयंपाकघरात गेलो. आत्याने अंघोळीच्या पाण्याचं एक जुनं पोचे आलेलं पातेलं काढलं, सेन्सरची हिरवी पावडर जुन्या ब्रशने घासून स्वच्छ केली, आणि दिगंबरला बॅटरी तपासायचा मीटर आणायला सांगितलं. पाव्हणं म्हणजे मी, मला मीटरच्या दोन सुया सेन्सरच्या दोन टोकांना धरून उभं राहण्याचं काम मिळालं. अर्थशास्त्राच्या पदवीचा इतका थेट उपयोग त्याआधी झाला नव्हता.

"याच्या आत एक पदार्थ असतो," आत्या म्हणाली. ती आता पूर्णपणे वर्गात होती. "गरम होत जाईल तसा त्याचा रोध कमी होतो. माणसांच्या बरोबर उलट. सांग दिगंबर, गार पाण्यात मीटरवर आकडा कसा यायला हवा?"

"मोठा?"

"विचारतोयस का सांगतोयस?"

"मोठा, बाई."

"आणि उकळत्या पाण्यात?"

"बारका."

आम्ही सेन्सरचं टोक गार पाण्यात धरलं. आकडा बारका आला. गॅस लावला. पाण्याला बुडबुडे फुटू लागले, माझ्या चष्म्यावर वाफ धरली, बोटं भाजू लागली. आकडा होता तिथेच राहिला.

"ह्याला गारही उकळतंच वाटतंय," दिगंबर पातेल्यात वाकून म्हणाला. त्याच्या आवाजात प्रथमच जरा आदर होता, सेन्सरबद्दल नव्हे. "आयला. आन् मी हेड उतरवणार होतो."

"भाषा," आत्या म्हणाली.

"चुकलं, बाई."

दिगंबर नवा सेन्सर आणायला स्कूटरवरून बसस्टँडकडे गेला. आत्या आणि मी परत गाडीपाशी आलो. तिने शिवणाच्या डब्यातली एक जाड सुई आणली होती, आणि इंजिनाशेजारी वायरींना लोंबकळणारा तो प्लग हातात घेऊन ती त्याच्या खाचेतली घाण कोरू लागली. खाली एक पांढरी बशी धरायला मला दिली.



"दह्याची वाटी मी कपाटात ठेवली होती," ती म्हणाली. "खरं आहे ते."

मी बशी तिच्या हाताखाली जरा पुढे सरकवली.

"आणि सकाळी तुला माधव म्हणाले. तोंडातून निघाल्याबरोबर मला कळलं. तूही ऐकलंस आणि ओठ घट्ट मिटून घेतलेस. तेव्हाच समजले, कशासाठी आलायस ते. किल्ली मागायचीय ना?"

"दादा म्हणाला..."

"जनू काय म्हणाला ते मला तू नाही सांगितलंस तरी चालेल." सुई फिरत होती. बशीत हिरवी पूड पडत होती. "मी रोज सकाळी उठते. किल्ली फिरवते. काटा लाल. बाहेर येऊन हात लावते. गार. परत आत जाते. लाल. असं किती दिवस चाललंय. आधी वाटलं काटा चुकतो. मग हळूहळू वाटायला लागलं, हातच चुकत असेल. गरमाला गार म्हणत असेन मी. दही कपाटात ठेवणाऱ्या बाईच्या हाताचा काय भरवसा?"

"दिगंबरला लावायला सांगायचा हात."

"गॅरेजला न्यायची तर चालवतच न्यावी लागते. तिथे पोचेपर्यंत ती खरीच तापलेली. त्याला इकडे बोलवायचं, तर काय सांगून? की ये रे, माझं डोकं ठिकाणावर आहे का बघ?" ती जराशी हसली. "दुसऱ्या कोणाचा तरी हात लागायला हवा होता. बरं झालं तुला पाठवलं त्यांनी."

मला आठवलं, सकाळी 'गार आहे' असं मी म्हणालो, तेव्हा ती 'मोठ्याने सांग' का म्हणाली होती. मला वाटलं होतं तिला ऐकू कमी येऊ लागलंय. तेही मी मनातल्या लक्षणांच्या यादीत घातलं होतं.

मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात तिची सुई थांबली.

प्लगच्या खाचेतून तिने काहीतरी ओढून काढलं आणि बशीत ठेवलं. तपकिरी रंगाचा, ताठ, बोटाच्या पेराएवढा तंतू. मग दुसरा. त्यांना लागून वाळलेला चिकट थर होता आणि त्या थरात लाल कण होते. आत्याने एक तंतू उचलून नाकाशी नेला, मग उजेडात धरला.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"काथ्या," ती म्हणाली. "आणि कुंकू."

आम्ही दोघांनीही एकाच वेळी त्या सुकल्या झेंडूच्या हाराकडे पाहिलं.

नारळ फोडला की त्याचं पाणी शिंपडतात. चाकापुढे फोडला तर मातीवर शिंपडतात. दादाने बॉनेट उघडलं होतं. त्याने अर्धी करवंटी हातात धरून आतल्या प्रत्येक भागाला आळीपाळीने तीर्थ दिलं होतं, कोणी उपाशी राहू नये म्हणून. त्या खारट-गोड पाण्यापैकी काही थेंब प्लगच्या चिरलेल्या रबरातून आत शिरले आणि तिथून सेन्सरच्या पोटात उतरले. आणि दसऱ्यापासून पौषापर्यंत त्यांनी सावकाश आपलं काम केलं. वर्षभर चिंता नाही, असं दादा म्हणाला होता. त्याला चिंता स्वतःची स्वतः तयार करायची सवय होती, पण हे फारच स्वावलंबी झालं.

मला हसू फुटलं. "आत्या! हे पुण्याला न्यायचं! ही बशी अशीच्या अशी दादाच्या बैठकीत ठेवू. तो दातांचा डॉक्टर असतानाच ठेवू!"

माझ्या डोळ्यांसमोर ते दृश्य उभंही राहिलं. मधोमध टीपॉय, टीपॉयवर बशी, बशीत काथ्या.

"बघू," आत्या म्हणाली. तिने तो तंतू पदराच्या टोकात बांधला.

दिगंबर नवा सेन्सर घेऊन आला तेव्हा त्याच्या मागोमाग एक जीप फाटकाशी थांबली. झगडे वेळेआधी आले होते. पांढरा शर्ट, पांढरी पँट, हातात चामडी पाऊच. बॉनेट उघडं, जमिनीवर हिरवं पाणी, इंजिनात लाकडाची खुंटी, हे सगळं पाहून ते फाटकातच थबकले.

"इंजिन काढलं काय?"

"बसा," आत्या म्हणाली. "पाच मिनिटं."

नवा सेन्सरही आधी पातेल्यातून गेला. गार पाण्यात आकडा मोठा. पाणी तापत गेलं तसा तो पायऱ्या उतरल्यासारखा खाली खाली येत गेला. दिगंबर प्रत्येक आकडा मोठ्याने वाचत होता आणि झगडे दारात उभे राहून, ही कुठली पूजा चाललीय, अशा नजरेने पाहत होते. मग दिगंबरने नवा सेन्सर बसवला, आत्याने चकचकीत केलेला प्लग त्यावर खटकन बसवला, सांडलं होतं तेवढं पाणी भरलं.

"चालव," आत्याने किल्ली माझ्या हातात दिली.

दादाने जी आणायला सांगितली होती ती किल्ली अशी माझ्या हातात आली. मी ती परत तिच्याकडे केली. "तू चालव. काटा तुझा आहे."

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आत बसली. किल्ली एक घर फिरवली. काटा निळ्या रेघेवर स्वस्थ पडून राहिला. तिने गाडी चालू केली. दिगंबर, झगडे आणि मी खिडकीत डोकी घालून उभे. काटा बराच वेळ हललाच नाही. मग घाई न करता उठला, अर्ध्यावर आला आणि थांबला. आम्ही सगळे थांबलो. रेडिएटरचा पंखा घर्रर्र करून लागला, काही वेळाने बंद झाला. काटा मध्यावरच.

आत्याने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. अगदी क्षणभर. दिगंबरने तेवढ्यात दुसरीकडे पाहिलं, आणि झगडे नुसते काट्याकडे पाहत होते.

"या," डोकं वर करून ती झगड्यांना म्हणाली. "एक चक्कर मारू."

ते परत आले तेव्हा झगडे खूष होते. कालव्यापर्यंत गेले होते, भजी खाल्ली होती. "एक नंबर गाडी आहे बाई. आत्ता घेतो."

"विकायची नाहीये."

"आँ? मग चक्कर कशाला मारली?"

"तुम्हाला जनार्दन फोन करून विचारेल, गाडी कशी आहे, बाई चालवतात कशा. तुम्ही पाहिलंय ते सांगा. मी सांगून उपयोग होत नाही."

झगडे बराच वेळ पाऊचची चेन उघड-मीट करत उभे राहिले. मग म्हणाले, "विकायची झाली तर आधी मला सांगा." आणि गेले.

संध्याकाळी आत्याने पुण्याला फोन लावला. मी शेजारीच बसलो होतो. आत्याने पदराच्या टोकाची गाठ सोडून काथ्या टेलिफोनच्या वहीवर ठेवला होता, म्हणून मी फार उत्सुक होतो.

"जनू, सेन्सर बिघडला होता. बदलला. शिरीषने सगळं पाहिलंय, दिगंबरने पाहिलंय. गार गाडीला गरम दाखवत होता. मी म्हणत होते ते तसंच होतं."

पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. फोन कापला असं वाटून आत्याने रिसीव्हर कानापासून दूर धरला, आणि तेव्हा मलाही दादाचा आवाज ऐकू आला. बँकेत शाखाधिकारी असलेला, ब्याण्णव किलोंचा माझा भाऊ नाक ओढत होता.

"म्हणजे तू बरी आहेस ना गं आत्या?" तो म्हणाला. "मी... मला झोप नव्हती. मी खोली रंगवली खरी, पण रंगवताना मला... तू बरी आहेस ना?"

"बरी आहे रे. अगदी बरी."

"तो सेन्सर कशाने गेला पण? परत जाईल का? काय कारण म्हणाला दिगंबर?"

आत्याने वहीवरच्या काथ्याकडे पाहिलं. मी पुढे सरकलो. टीपॉय, बशी, डॉक्टर, सगळं माझ्या डोळ्यांसमोर तयार होतं.

"कशाने म्हणजे?" आत्या म्हणाली. "वय झालं होतं त्याचं."

तिने रिसीव्हर ठेवला, काथ्या उचलला आणि खिडकीतून बाहेर टाकला. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "खिचडी टाकते. तूप कुठे ठेवलंय मी, आठवतंय मला. विचारू नकोस."

पुढच्या दसऱ्याला दादा नेहमीप्रमाणे आला. नवं ताट, नवा नारळ. मीही मुद्दाम गेलो होतो. हळदकुंकू हातात घेऊन त्याने बॉनेट उघडण्यासाठी हात पुढे केला, तेव्हा आत्या हार घेऊन तिथेच उभी होती. तिने बॉनेटवर तळहात ठेवला.

"हे बंद राहू दे. नारळ चाकापुढे फोड."

"का गं? मागच्या वर्षी तर सगळं यथासांग केलं होतं."

"हो," आत्या म्हणाली. "त्याचं पोट अजून भरलेलं आहे."